शेळी ज्याला तोंड लावीत नाही

वैशाखाची सुटी लागली की आपल्या सीमाभागातील घरे पुन्हा भरून जातात. पुण्यास, सोलापुरास, हैदराबादेस गेलेल्या लेकी मुलांसह माहेरी येतात आणि भालकी, औराद, हुमनाबाद, बसवकल्याण, आळंद इकडच्या घरांत आजी-आजोबांना क्षणाची उसंत मिळत नाही. आपल्याकडील शाळा लवकर उघडतात, पलीकडील महाराष्ट्रातल्या जूनच्या मध्यावर. परंतु मधले काही आठवडे दोन्हीकडची भावंडे एकत्र असतात. या काळात त्यांना घरात बसवून ठेवणे कोणासही साधलेले नाही. सकाळच्या न्याहारीपासून दिवेलागणीपर्यंत त्यांचे खरे घर म्हणजे परस.

या परसाविषयीच या महिन्यात लिहावे असे आम्ही योजिले आहे. फुलझाडांच्या निगेविषयी, अळूच्या वाफ्याविषयी या पानावर आजवर पुष्कळ मजकूर आला. त्या वाफ्यांतून धावणाऱ्या मुलांचे काय, हा विषय मात्र मागे राहून गेला होता.

मुलांना जपण्याचे दोन सोपे मार्ग आपल्याकडे प्रचलित आहेत. परसाचे दार लावून घेणे हा एक. आणि ‘आम्ही नाही का असेच वाढलो’ असे म्हणून दार सताड उघडे टाकणे हा दुसरा. पहिल्याने मूल परसास मुकते. दुसऱ्याने कधी कधी परस मुलास मुकते. आमचे मत असे, की परस मुलांस मोकळेच असावे. मात्र त्यात काय काय आहे हे घरातील एका तरी मोठ्या माणसास नावानिशी ठाऊक असावे. पूर्वी हे ज्ञान घरातल्या आजीकडे असे. कोणते पान भाजीचे, कोणते पोटिसाचे आणि कोणत्या पानाला हात लावल्यावर हात धुवायचे, हे ती चालता बोलता सांगत असे. आता वाड्यांच्या जागी प्लॉट आले, परसाच्या जागी कंपाउंडच्या कडेची चार फूट माती आली, झाडे रोपवाटिकेतून आली. पण झाडाबरोबर त्याची माहिती सांगणारी आजी आली नाही.

कुंपणाचा कौल

परसाची फेरी कुंपणापासून सुरू करू. आपल्या भागात कुंपणाला कोणती झाडे लावतात? कण्हेर, पिवळी कण्हेर म्हणजेच बिट्टी, मोगली एरंड, कोठे घाणेरी. ही झाडे का निवडली, असे कोणाही शेतकऱ्यास विचारावे. तो एकच उत्तर देईल : गुरे, शेळ्या त्यांस तोंड लावीत नाहीत. शेळी ही बोरीचे काटे चघळणारी, बाभळीचा पाला ओरबाडणारी. अशा शेळीने जे झाड सोडून दिले, ते का सोडले, हा प्रश्न मात्र आपण विचारीत नाही. ज्या गुणामुळे ते झाड उत्तम कुंपण होते, तोच गुण मुलाच्या दृष्टीने त्याचा दोष आहे.

कण्हेरीचे सर्वांग विषारी आहे : पान, फूल, साल, मूळ, सर्व काही. तिचे विष थेट हृदयाच्या ठोक्यांवर परिणाम करते. आधी मळमळ व उलट्या, मग नाडी मंद आणि अनियमित. बिट्टीची आठळी त्याहूनही घातक. श्रीलंकेत बिट्टीच्या बिया खाऊन दरवर्षी कित्येक माणसे रुग्णालयात येऊ लागली, तेव्हा तेथील डॉक्टरांना या विषावरील प्रतिविषाची रीतसर परीक्षा घ्यावी लागली. तिचे निष्कर्ष २००० साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. आणि आपल्याकडे? आपल्याकडे मुली याच बिट्ट्यांनी सागरगोट्यांप्रमाणे खेळतात. बिट्टीचे कवच टणक असते, गर कडू असतो, म्हणून खेळ बहुधा खेळच राहतो. पण मोठ्या भावंडाने दगडाने फोडलेली आठळी अंगणात पडून राहिली आणि जे दिसेल ते तोंडात घालणारे रांगते मूल तेथे पोहोचले, तर कडूपणाचा आधार पुरेसा नाही.

मोगली एरंडाची गोष्ट निराळी, आणि आमच्या मते अधिक काळजीची. यास कोणी चंद्रज्योत म्हणतात. २००३ च्या सुमारास याच्या तेलापासून डिझेल करण्याची मोठी सरकारी योजना पुढे आली, रेल्वेरुळांच्या कडेने आणि पडीक जमिनींवर याची लागवड झाली. डिझेलाचा उत्साह ओसरला, झाडे राहिली. याचे बी कडू नसते. ते शेंगदाण्यासारखे, किंचित गोडसर लागते. म्हणून एका मुलाने खाल्ले की तो दुसऱ्यास बोलावतो. मराठवाड्यात, विदर्भात शाळेच्या आवारातील ही बी खाऊन एकाच वेळी वर्गातील अनेक मुलांना उलट्या-जुलाब सुरू झाल्याच्या बातम्या आपण वर्षानुवर्षे वाचीत आलो आहोत. अशी बहुतेक मुले सलाइन व उपचार वेळेवर मिळाल्याने बरी होतात. परंतु चवीने सावध न करणारे विष, हा मुद्दा लक्षात ठेवावयास हवा. कण्हेरीचा कडूपणा निदान जिभेवर राखण करतो. मोगली एरंडाला राखणदार नाही.

येथे एक सूचना. शेळीचा कौल एकाच बाजूने खरा मानावा. तिने जे सोडले ते मुलास नको, हे खरे. पण तिने जे खाल्ले ते मुलास चालेल, असे मुळीच नाही. तीच गोष्ट पाखरांची. ‘बुलबुल खातो, मग मी का नको’ हा मुलांचा युक्तिवाद फार गोड असला तरी फसवा आहे. पाखराचे पोट निराळे, आपले निराळे. घाणेरीची पिकलेली काळी फळे पाखरे खातात. तिचीच हिरवी कच्ची फळे मुलांनी खाल्ल्यास बाधतात.

देवाची फुले, मुलांची खेळणी

कुंपणाच्या आत आलो की देवाची झाडे लागतात. महाशिवरात्रीस धोतरा हवा, शनिवारी मारुतीस रुईची माळ हवी. ही झाडे तोडा असे आम्ही म्हणणार नाही. आपल्या पूर्वजांनी ती देवास वाहिली, हे मात्र ध्यानात घ्यावे. धोतऱ्याचे फळ काटेरी, पण उकलल्यावर आतल्या बिया हुबेहूब मिरचीच्या बियांसारख्या दिसतात. भातुकलीत ‘भाजीला फोडणी’ घालणाऱ्या मुलींना यापेक्षा चांगले साहित्य कोठून मिळणार? धोतरा बाधला की तोंड कोरडे पडते, अंग तापते व लाल होते, डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या होतात आणि मूल असंबद्ध बोलू लागते, नसलेल्या वस्तू हवेत पकडू लागते. अशा वेळी ‘बाहेरची बाधा झाली’ म्हणून अंगारा लावण्यात जो तास जातो, तो उपचाराचा तास असतो.

रुईच्या कळ्या फोडून ‘फट्’ असा आवाज काढणे हा मुलांचा आवडता उद्योग. त्यातील चीक डोळ्यात गेला तर बुबुळास इजा होते, आणि आरंभी दुखत नाही म्हणून मूल सांगतही नाही. चीक गेल्याचा नुसता संशय आला तरी स्वच्छ पाण्याची संथ धार धरून पंधरा-वीस मिनिटे डोळा धुवावा आणि डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जावे. चीक लागलेल्या हातांनी डोळे चोळू नयेत, हे मुलांना आधीच सांगून ठेवावे.

गुंज हे आपल्या सराफकट्ट्याचे जुने वजन. आठ गुंजांचा एक मासा आणि बारा माशांचा एक तोळा, हे कोष्टक आमच्या वाचकांतील वडीलधाऱ्यांना अजून पाठ असेल. लालभडक अंगावर काळा ठिपका, इतके देखणे बी दुसरे नाही. अख्खी गुंज गिळली गेली तर तिचे टणक टरफल बहुधा न फुटता ती बाहेर पडते. चावली गेली, किंवा माळेसाठी सुईने भोक पाडलेली गिळली गेली, तर ती प्राणघातक ठरू शकते. एरंडाच्या चट्ट्यापट्ट्याच्या बीचेही तसेच. एरंडेल औषध म्हणून आपण देतो; ते तेल काढताना विष चोथ्यात राहते आणि उष्णतेने निकामी होते. बी म्हणजे तेल नव्हे. या दोन्ही बियांची लक्षणे काही तास उशिरा दिसतात, म्हणून ‘आता तर खेळतो आहे’ यावर विसंबू नये.

आता रोपवाटिकेतून आलेली नवी मंडळी. दिवाणखान्यात व ओसरीवर शोभेसाठी जे पांढऱ्या ठिपक्यांचे मोठ्या पानांचे झाड ठेवतात, ज्यास विक्रेते ‘डंबकेन’ म्हणतात, ते अळूच्याच कुळातले. अळू नीट शिजले नाही तर घसा खाजतो, म्हणून आपण त्यात चिंच घालतो व पुरते शिजवतो. ती खाज पानातील सुईसारख्या सूक्ष्म स्फटिकांची. डंबकेनमध्ये तेच स्फटिक फार तीव्र असतात. मुलाने पान चावले तर ओठ व जीभ सुजते, लाळ गळते, बोलता येत नाही. तोंड पुसून घ्यावे, थंड पाणी द्यावे; सूज घशापर्यंत गेली, श्वास घेण्यास त्रास होऊ लागला तर त्वरित रुग्णालय गाठावे. ही कुंडी फेकावयास नको. मुलाच्या हाताच्या उंचीवरून ती वर उचलावी, इतकेच.

झाडांच्या यादीत शेवटचे दोन शब्द शेवग्या-जांभळाविषयी. ही झाडे विषारी नाहीत. दोन्ही आपले अन्नदाते आहेत. पण दोघांचीही फांदी ठिसूळ. चढावयाचेच असेल तर मुलांना पेरूचे किंवा चिंचेचे झाड दाखवावे.

एका झाडाची तीन नावे

१ नोव्हेंबर १९५६ रोजी जुन्या बीदर जिल्ह्याची वाटणी झाली. उदगीर, निलंगा, अहमदपूर पलीकडे गेले. बीदर, भालकी, हुमनाबाद, औराद इकडे राहिले. नकाशावर रेघ ओढली गेली; परसातील झाडांना तिचा पत्ता नाही. आपल्या घरात ज्यास आपण कण्हेर म्हणतो, त्यास शेजारच्या अक्का कणगिले म्हणतात आणि गल्लीतले चाचा कनेर म्हणतात. एरंडाला औडल आणि अरंडी, धोतऱ्याला उम्मत्ती आणि धतूरा, रुईला एक्के आणि आक, गुंजेला गुलगंजी आणि रत्ती. हे आपल्या भागाचे वैभव आहे. परंतु घाबऱ्या घाईत तेच अडचण होऊन बसते. आई मराठीत एक नाव सांगते, परिचारिका कन्नडमध्ये दुसरे समजते, आणि बीदर वा कलबुर्गीच्या मोठ्या रुग्णालयातील तरुण डॉक्टर तर देशाच्या भलत्याच टोकाहून आलेला असतो.

म्हणून पहिला नियम असा : मुलाने जे खाल्ले त्याची डहाळी, फळ, उरलेली बी पिशवीत घालून बरोबर न्यावी. ओकारी झाली असेल तर तिचाही अंश न्यावा. डहाळी सर्व भाषा बोलते. दुसरा नियम : किती वाजता खाल्ले, अंदाजे किती खाल्ले व आणखी कोणी खाल्ले, हे त्याच वेळी मुलांना विचारून कागदावर टिपावे. या वेळी मुलांवर ओरडू नये. मार बसेल या भीतीने मुले आकडा कमी सांगतात, आणि डॉक्टर त्याच आकड्यावर विसंबतात.

तिसरा नियम अनेक वडीलधाऱ्यांना पटणार नाही, तरी आम्ही तो आग्रहाने मांडतो. मिठाचे पाणी पाजून किंवा घशात बोट घालून ओकारी काढू नये. पूर्वी ही रीत होती. आजचे वैद्यकशास्त्र ती सोडून देण्यास सांगते. ग्लानीत असलेल्या मुलाची ओकारी श्वासनलिकेत जाते, आणि मिठाचे गाढे पाणी लहान मुलास स्वतःच विष ठरते. तोंडातील उरलेले काढावे, चूळ भरवावी, मूल बेशुद्ध होत असेल तर एका कुशीवर निजवावे आणि १०८ क्रमांकास फोन करावा. नवी दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेत १९९५ पासून राष्ट्रीय विष माहिती केंद्र आहे. तालुक्याच्या डॉक्टरांनाही तेथून सल्ला घेता येतो. डॉक्टरांना त्याची आठवण करून देण्यात संकोच मानू नये.

बाटलीचा वेष

झाडांपेक्षाही जे अधिक जपावयास हवे, ते मडक्याआड, न्हाणीघराच्या फळीवर किंवा परसातील खोपटात असते. कलबुर्गीचा परिसर तुरीचे आगर. गुलबर्ग्याच्या तूरडाळीस २०१९ साली भौगोलिक मानांकन मिळाले, याचा आपणा सर्वांस अभिमान आहे. पण तूर म्हटली की शेंग पोखरणारी अळी आली, अळी आली की फवारा आला, आणि फवाऱ्याचे उरलेले औषध घरी आले. शेतातून येताना मोठा डबा कोण वागवणार? म्हणून ते शीतपेयाच्या रिकाम्या बाटलीत ओतले जाते. मूल बाटली ओळखते. आतले द्रव्य त्यास कसे कळावे?

१६ जुलै २०१३ रोजी बिहारमधील छपरानजीकच्या एका गावात शाळेचे मध्यान्ह भोजन जेवून २३ मुले दगावली. तपासात आढळले, की जेवणात मोनोक्रोटोफॉस हे कीटकनाशक उतरले होते. स्वयंपाकाचे तेल कीटकनाशकाच्या डब्यात साठविले गेल्याचे पुढे आले. भांडे बदलले की काय घडते, याचे याहून दारुण उदाहरण नाही. औषध मूळ डब्यातच ठेवावे, कुलपात ठेवावे, रिकामा डबा भोक पाडून निकामी करावा. आपल्या देशातील कीटकनाशकांच्या डब्यांवर रंगीत चौकोन असतो : लाल सर्वांत जहाल, मग पिवळा, निळा, हिरवा. अक्षरओळख नसलेल्या मुलालाही ‘लाल आणि पिवळ्याला हात नाही’ हे शिकविता येते.

फवाऱ्याचे विष चढले की लाळ सुटते, घाम येतो, बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होतात, श्वास घरघरतो. अंगावर सांडले असेल तर कपडे काढून साबणाने अंग धुवावे आणि रुग्णालय गाठावे. तेथे या विषावर जे ॲट्रोपिन टोचतात, ते धोतऱ्याच्या कुळातील वनस्पतींतच आढळणारे द्रव्य आहे. एकाचे विष ते दुसऱ्याचे औषध, ही सृष्टीची रीत. परंतु त्याची मात्रा डॉक्टरांच्या हातीच राहू द्यावी.

घरच्या भाजीच्या वाफ्यास मात्र अशा जहाल औषधांचे काही काम नाही. पन्नास ग्रॅम निंबोळीची भुकटी एक लिटर पाण्यात रात्रभर भिजवून, गाळून फवारली की बहुतेक अळ्या आटोक्यात येतात. अर्थात कडुनिंब आपला म्हणून त्याचे तेल बालकास चाटवू नये. तान्ह्या मुलांना निंबाच्या तेलाने झटके आल्याचे व मेंदूस इजा झाल्याचे दाखले आहेत.

पाणी आणि भोके

बीदरचे पठार तांबड्या जांभ्याचे. या जांभ्यातून बहमनी काळात नौबादजवळ जो भूमिगत कारेझ खोदला गेला, त्याची हवाविवरे आजही पाहावयास मिळतात. जमिनीत भोक पाडून पाणी शोधणे हा आपला जुनाच व्यवसाय. जुन्या आडांना निदान कठडा असे आणि त्यावर रहाट असे. वापर रोजचा, म्हणून लक्षही रोजचे. आता आड कोरडे पडले आहेत आणि त्यांच्यावर एखादी शहाबादी फरशी सरकवून आपण निर्धास्त झालो आहोत. शहाबाद आपल्याच कलबुर्गी जिल्ह्यातले. त्याच्या फरशीचे गुण आपणास कोणी सांगावयास नकोत. पण फरशीला तडा कधी गेला हे ती सांगत नाही, आणि दोन मुलांच्या जोराने ती सरकते. आडावर लोखंडी जाळी बसवून ती पक्की करावी.

नव्या घरांत आडाची जागा जमिनीखालच्या टाकीने घेतली आहे; तिला कर्नाटकात सर्रास ‘संप’ म्हणतात. मराठी कानांना हा शब्द गमतीचा वाटतो. परंतु नळाचे पाणी आल्यावर घाईने उघडलेले झाकण तसेच राहिले, तर त्यात गंमत काही नाही. संपाच्या झाकणास कडी व कुलूप असावे. लहान मूल बुडताना हाका मारीत नाही, पाणीही फार उडवीत नाही. ते निमूट बुडते. त्यासाठी खोल पाणी लागते असेही नाही. धुण्याची अर्धी भरलेली बादली वर्षाच्या मुलास पुरते. काम झाले की बादली, टब, गुरांची कुंडी पालथी घालावी. बुडालेल्या मुलास पाय धरून उलटे फिरवू नये; त्याने पाणी निघत नाही, वेळ मात्र जातो. श्वास नसेल तर तोंडाने श्वास द्यावा, छाती दाबावी आणि दुसऱ्यास मदतीसाठी पिटाळावे. ही कृती रुग्णालयात किंवा रेड क्रॉसच्या वर्गात अर्ध्या दिवसात शिकता येते.

आणि बोअर. ३ एप्रिल २०२४ रोजी शेजारच्या विजापूर जिल्ह्यात, इंडी तालुक्यातील लच्याण येथे घराजवळच्या शेतात नुकत्याच खोदलेल्या बोअरमध्ये जेमतेम दोन वर्षांचे मूल पडले. डोके खाली, पाय वर अशा अवस्थेत ते अडकले होते. सुमारे वीस तास बाजूने समांतर खड्डा खणून बचाव दलांनी त्यास जिवंत बाहेर काढले. त्या दिवशी आपल्याकडील किती घरांतून देवापुढे दिवा लागला असेल! प्रत्येक वेळी असे घडत नाही, हेही आपण जाणतो. सर्वोच्च न्यायालयाने ११ फेब्रुवारी २०१० रोजी यासंबंधी नियम घालून दिले आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये त्यांत दुरुस्ती केली. खोदण्याच्या पंधरा दिवस आधी लेखी कळविणे, काम चालू असता भोवती काटेरी तार, नळीभोवती सिमेंटचा ओटा, तोंडावर लोखंडी झाकण वेल्डिंगने किंवा नटबोल्टाने पक्के करणे, आणि पाणी न लागलेले बोअर तळापासून जमिनीपर्यंत माती, वाळू, दगडगोट्यांनी भरून टाकणे, असे ते नियम आहेत. शेवटचा नियम सर्वांत स्वस्त व सर्वांत दुर्लक्षित आहे. बोअर कोरडे गेल्याच्या दुःखात माणूस त्या जागेकडे पाठ फिरवितो, वर पोते किंवा दगड ठेवतो. बोअरची गाडी गावाबाहेर पडण्यापूर्वीच ते तोंड बंद व्हावे, असा आग्रह गावातील भगिनींनी धरावा. पुरुषमंडळी पैशाच्या विवंचनेत असतात.

दगडाखालचे शेजारी

पहिला पाऊस पडला की फरशांच्या चळतीखालून, विटांच्या ढिगातून, गोवऱ्यांच्या उतरंडीतून विंचू व साप बाहेर पडतात. आपल्या भागातील लाल विंचू आकाराने लहान, पण मुलांस घातक. एके काळी त्याने डसलेली मुले डोळ्यांदेखत जात. मूळच्या जालना जिल्ह्यातील डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी कोकणात महाडकडे काम करीत असता या दंशाचा अभ्यास केला. १९८२ साली त्यांचे निरीक्षण ‘लॅन्सेट’मध्ये छापून आले, आणि पुढे प्राझोसिन या रक्तदाबाच्या साध्या गोळीने असंख्य मुलांचे प्राण वाचले. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. विंचू चावलेल्या मुलास दरदरून घाम, ओकाऱ्या, थंडगार हातपाय ही लक्षणे दिसली की मंत्र-उताऱ्यात वेळ न दवडता रुग्णालयात न्यावे, हे त्या कार्याचे सार आहे.

सापाविषयी थोडक्यात. नाग, मण्यार, घोणस व फुरसे या चौघांच्या विषावर एकच लस चालते, म्हणून साप मारून नेण्याची गरज नाही. आवळपट्टी बांधू नये, चिरा देऊ नये, विष चोखू नये. अवयव फळीने स्थिर करून मुलास न चालविता न्यावे. मण्यार रात्री जमिनीवर निजलेल्यास चावते आणि तिचा दंश दुखतही नाही. सकाळी पोटदुखी, जड पापण्या अशी तक्रार मुलाने केली तर ती आठवावी. मुलांना खाटेवर निजवावे व मच्छरदाणी गादीखाली खोचावी, हा साधा उपाय पुष्कळ रक्षण करतो. दगडा-विटांचा ढीग घराच्या भिंतीपासून दूर असावा, आणि चेंडू ढिगात गेला की तो काठीनेच काढावा, हाताने नव्हे.

एक फेरी, मुलांसह

इतके वाचून कोणास वाटेल, की परस म्हणजे विषवृक्षांचे रान. सिमेंट ओतून मोकळे व्हावे. आमचे म्हणणे याच्या अगदी उलट आहे. सिमेंटच्या अंगणात वाढलेले मूल पुढे कोणाच्या तरी परसात, शाळेच्या कुंपणाशी, शेताच्या बांधावर जाणारच. आणि तेथे ते अनोळखी म्हणून जाईल. ज्या मुलाने घरच्या परसात कण्हेर ओळखली, ते शाळेतल्या मोगली एरंडाशीही थबकेल.

म्हणून मुले घरी आहेत तोवर एका सकाळी त्यांस घेऊन परसातून एक फेरी घालावी. आजींनी पुढे व्हावे, मुलांनी वही घ्यावी. प्रत्येक झाडाचे नाव मराठीत, कन्नडमध्ये आणि शेजारी जे उर्दू बोलतात त्या बोलीत लिहावे. नावापुढे ‘खावयाचे’, ‘पाहावयाचे’, ‘हात धुवावयाचे’ अशी तीनच खूण असावी. ज्याचे नाव घरात कोणासच सांगता येत नाही, ते झाड ओळख पटेपर्यंत ‘पाहावयाचे’ या रकान्यात राहील. ‘विचारल्याविना तोंडात काही नाही’ हा एकच नियम असू द्यावा. दहा नियम मुले विसरतात. मोगली एरंड असेल तर तो मात्र उपटावा. लहान मूल घरात आहे तोवर बिट्टीची पडलेली फळे रोज वेचून पुरावीत. त्याच फेरीत मोठ्यांनी संपाचे झाकण, आडाची जाळी, औषधाचे कपाट आणि विटांचा ढीग पाहून घ्यावा. तासाभराचे काम आहे.

ज्या घरांत आजी आता नाहीत, त्यांनी शेजारच्या आजींना बोलवावे. त्यांस आनंदच होईल. आणि मुलांच्या वहीत एखादे असे नाव उतरेल, जे आता त्यांच्याखेरीज गल्लीत कोणासच ठाऊक नाही. अशी नावे वाचकांनी आम्हास अवश्य कळवावीत. पावसाळ्याच्या अंकात ती या पानावर देण्याचा आमचा मानस आहे.